माणसाला चालते, ते यीस्टला चालेलच असे नाही

द्राक्षावरील औषधांच्या अंशाची चर्चा आपल्याकडे बहुधा निर्यातीपुरतीच होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हापासून बागायतदार ‘एमआरएल’, म्हणजे अंशाची कमाल मर्यादा, कोळून प्यायला आहे. पण ही मर्यादा खाणाऱ्याचा विचार करून ठरते; रस आंबवून त्याची वाइन करणाऱ्या यीस्टचा विचार त्यात नसतो. यीस्ट हीदेखील बुरशीच. भुरीवर मारली जाणारी ट्रायझोल गटातील औषधे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत, आणि यीस्टचे पटलही त्याच एर्गोस्टेरॉलवर उभे असते. अंश जास्त राहिला तर किण्वन उशिरा सुरू होते, रेंगाळते, कधी साखर शिल्लक राहते. काढणीच्या तोंडावर मारलेल्या गंधकातून तर यीस्ट हायड्रोजन सल्फाइड तयार करते आणि वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो.

यावर वाइनरीवाले म्हणतील, विकतचे यीस्ट दणकट असते आणि बराचसा अंश चोथ्या-गाळाबरोबर निघून जातो. खरे आहे, पण लाल वाइन सालीसकटच आंबते. बागायतदार विचारेल, फवारणी थांबवून बाग केवडा-भुरीच्या हवाली करायची का? मुळीच नाही, रोगट घडांची वाइन त्याहून वाईट. मागणी एवढीच, की वाइनच्या द्राक्षांसाठी शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे अंतर करारातच ठरवावे, माल टाकीत जाण्याआधी तपासावा आणि त्या अंतरातली जोखीम पेलणाऱ्या शेतकऱ्याला वाइनरीने जादा दर द्यावा. दर्जा वाइनरीला हवा असेल, तर त्याची जोखीम एकट्या बागायतदाराने का उचलावी?