याला भांडण म्हणायचं नाही

खैरलांजीत भांडण झालं नव्हतं. भांडणाला दोन बाजू लागतात. 29 सप्टेंबर 2006 च्या संध्याकाळी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका बाजूला एक बाई, तिची पोरगी आणि दोन पोरं होती. दुसऱ्या बाजूला गाव होतं. सुरेखा भोतमांगे, प्रियांका, सुधीर, रोशन. चौघांना हालहाल करून मारलं आणि कालव्यात फेकलं. भैयालाल भोतमांगे आडोशाला लपले म्हणून वाचले. आणि सभ्य लोकांनी कुजबूज काय सुरू केली? जमिनीचं भांडण. बाईचं वागणं. गावातली जुनी कुरबूर.

दोस्तांनो, मी गोदीत मजुरी करतो. आमच्याकडं एक साधा नियम आहे. जहाजातूनच पेटी फुटकी निघाली आणि टॅली क्लार्कनं ती धक्क्यावर फुटकी म्हणून लिहिली नाही, तर शेडपर्यंत जाताजाता ती आमच्या टोळीनं फोडलेली ठरते. मग बोंबलत बसा. पहिल्या कागदावर जे आलं तेच खरं.

खुनाचंही तसंच. पहिल्या कागदावर ‘भांडण’ लिहिलं, की पुढं वकील, साक्षी, निकाल सगळं त्या एका शब्दामागनं चालतं.

खैरलांजीचा पहिला कागद असाच नासला. पहिल्या शवविच्छेदनात जे तपासायचं ते नीट तपासलंच नाही. तपास पुढं सीबीआयकडं गेला, तरी आरोपपत्रात बलात्काराचं कलम आलं नाही. 15 सप्टेंबर 2008 ला भंडाऱ्याच्या कोर्टानं 11 पैकी 8 जणांना दोषी धरलं, 3 सोडले. 24 सप्टेंबरला सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. आपण फाशी ऐकली आणि खूश झालो. पुढचं पान कुणी वाचलं? ॲट्रॉसिटीचा गुन्हा शाबीत नाही. कट शाबीत नाही. विनयभंग शाबीत नाही. 14 जुलै 2010 ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची 25 वर्षं केली आणि तेच म्हटलं, हा सूड होता, जातीचा प्रश्न नव्हता.

कशाचा सूड? शेजारच्या गावचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना 3 सप्टेंबरला मारहाण झाली होती. सुरेखा आणि प्रियांकानं मारणारे ओळखले, तशी साक्ष दिली. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी घरावर चालून आले. म्हणजे एका बौद्ध बाईनं सरकारी कागदावर ‘मी पाहिलं’ एवढं म्हटलं, त्याचा सूड.

आता माझा सवाल आहे. पाटलाच्या घरातल्या बाईनं साक्ष दिली असती तर असा सूड घ्यायची गावाची छाती झाली असती का? जमीन आमच्या नावावर असली की तिच्यातून रस्ता पाहिजे असतो. पोरगी आमची शिकली की डोळ्यात खुपते. तोंड आम्ही उघडलं की सूड निघतो. आणि मग कोर्ट विचारतं, यात जात कुठं आहे? अहो, पाण्यात मीठ कुठं आहे म्हणून विचारता, चाखून बघा की!

20 जानेवारी 2017 ला भैयालाल गेले. निकालाच्या कागदावर त्यांची बायकापोरं जातीनं मारली असं शेवटपर्यंत आलं नाही.

आता आमच्या स्टेशनाकडं या. 30 नोव्हेंबर 2006. कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि खैरलांजीनं दोन महिने धुमसणारा महाराष्ट्र पेटला. उल्हासनगर-अंबरनाथच्या मधे डेक्कन क्वीन जाळली. मी दुसरीत होतो. आमच्या पत्र्यावरून धूर दिसत होता. आई पोरांना आत ओढत होती आणि बाप उभा राहून नुसता धुराकडं बघत होता. मग म्हणाला, “एवढी मानसं त्या दिशी कोर्टात आस्ती, तर म्या बोललो आस्तो.”

हे वाक्य कळायला मला दहा वर्षं लागली.

माझा बाप फितूर साक्षीदार आहे. हे मी पहिल्यांदाच लिहितोय. मराठवाड्यातल्या आमच्या गावी स्मशानाच्या वाटेवरून माझ्या चुलत्याला मारला. चार दिवसांनी तो दवाखान्यात मेला. ठाण्यावर आधी लिहिलं ‘किरकोळ भांडण’. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो. बापानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तालुक्याला मोर्चा निघाला, निळे झेंडे आले, मुंबईचे पुढारी आले, भाषणं ठोकली, हार घालून घेतले. मग तारखा सुरू झाल्या. तारखेला कोण आलं? कुणी नाही. बाप एकटा एसटीनं जायचा आणि परतीच्या गाडीत आरोपींचे भाऊ मागच्या बाकावर बसायचे. काही बोलायचे नाहीत. आजी गावातच होती. शेवटी बाप पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, अंधार होता, मला दिसलं नाही. सगळे सुटले. आम्ही अंबरनाथला आलो.

बापाला मी बेइमान म्हणायचो. आता म्हणत नाही. मोर्च्यातल्या त्या हजारांतला एकही माणूस बाकावर त्याच्या शेजारी बसला नाही, त्याला काय म्हणायचं?

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं खर्डा आठवा. 28 एप्रिल 2014. सतरा वर्षांचा नितीन आगे. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो म्हणून शाळेतून मारत नेला, झाडाला टांगला. आपण राज्यभर घोषणा दिल्या. नोव्हेंबर 2017 मधे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. साक्ष तिथंच मरते, जिथं घोषणा संपतात.

आणि हे फक्त आपलंच आहे असं नाही. 20 ऑगस्ट 2024 ला शाळेतल्या चिमुरड्यांसाठी सगळं बदलापूर रुळावर बसलं. बरोबर बसलं. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला. लोक म्हणाले, न्याय झाला. अरे, कसला न्याय? त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. आपल्या सगळ्यांना निकाल पाहिजे, खटला नको. खटला लांब असतो, कंटाळवाणा असतो, तिथं फोटो निघत नाही.

कायदा कागदावर थोडा सरकलाय. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात मोठ्या गुन्ह्याला ‘जातीच्या कारणावरून’ असं सिद्ध करावं लागायचं. 2015 च्या दुरुस्तीनं, 26 जानेवारी 2016 पासून, समोरच्याची जात माहीत होती एवढं पुरतं. गावात कुणाला कुणाची जात माहीत नाही? त्याच दुरुस्तीनं कलम 15-अ आलं. जामिनाची तारीख पीडिताला कळवायची, त्याचं म्हणणं ऐकायचं. साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासखर्च. सोबतीला संघटनेचा माणूस, वकील. माझ्या बापाला हे मिळालं असतं तर? आज ज्याला मिळायला पाहिजे, त्याला तरी हे कुणी सांगितलंय?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पहिलं, जिथं कुठं आपल्या माणसाला मारल्याची खबर येईल तिथं त्याच रात्री ठाण्यावर दोघंतिघं जा आणि पहिला कागद वाचल्याशिवाय उठू नका. ‘भांडण’ शब्द दिसला की तिथंच बोट ठेवा. दुसरं, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या पोरांनी पाळ्या लावा. तारीख कल्याणला असो की जालन्याला, साक्षीदाराबरोबर जाताना दोघं, येताना दोघं. एक खाडा पडतो. पडू द्या. मी माझा पहिला खाडा लिहून दिलाय.

गाडी जाळायला एक दुपार लागते. साक्षीदाराशेजारी बसायला दहा वर्षं लागतात. ज्याची तयारी असेल त्यानं नाव द्यावं. बाकीच्यांनी कृपा करून माझ्या बापाला फितूर म्हणू नये.

जयभीम.