औरंगजेब जेवायला आला तर?

काल रात्री सात रस्त्यावर चहाला आमची नेहमीची टोळी जमली होती. एकानं मोबाईलवरचा प्रश्न वाचून दाखवला. इतिहासातल्या एकाच माणसाला घरी जेवायला बोलवायचं, तर कुणाला बोलवाल? शिवाजी महाराज, बाबासाहेब, अहिल्यादेवी अशी नावं आली. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "औरंगजेब."

सगळे गप्प. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून बघितलं. मित्र म्हणाला, "येड लागलं का बे तुला? हळू बोल की जरा!"

हळू बोल म्हणाला, म्हणूनच ही पोस्ट लिहितोय. मोठी आहे, पण भांडायचं असेल तर आधी शेवटपर्यंत वाचा.

मला तो आवडतो म्हणून बोलावत नाहीये. ज्याच्याशी पटतं त्याचीच मुलाखत घ्यायची असती तर पत्रकारिता कशाला केली असती? शिवाय हा माणूस आपल्या जिल्ह्यात राहून गेलेला आहे. विजापूरच्या मोहिमेत, 1685-86 मध्ये, त्याचा मुक्काम सोलापुरात होता. पुढे 1695 ते 1699 अशी चार वर्षं त्यानं भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ ठोकला. मंगळवेढ्याच्या वाटेवर माचणूरला सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलात की किल्ल्याच्या भिंती दिसतात, त्या त्याच काळातल्या. हिंदुस्थानचा कारभार तेव्हा आपल्या मंगळवेढा तालुक्यातून चालायचा.

तर समजा, आला. पुढची उत्तरं माझ्या कल्पनेतली आहेत, तारखा मात्र इतिहासातल्या.

ताटात काय वाढू? मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. सोबत खिचडी, कारण मुलाकडच्या खिचडी-बिर्याणीची आठवण त्यानं पत्रात काढली आहे. शेवटी आंबा. मुलानं पाठवलेल्या आंब्यांना त्यानं नावं दिली होती 'सुधारस' आणि 'रसनाविलास'. दोन्ही संस्कृत. हे वाचून दोन्हीकडचे जरा गोंधळतील, मलाही गंमत वाटली होती. पण आंब्याला गोड नाव दिल्यानं बाकीचा हिशोब मिटत नाही.

म्हणून पहिला घास घ्यायच्या आधीच मी विचारलं. पाहुण्याला अरे-तुरे करत नाहीत, एवढ्यासाठीच 'तुम्ही'.

"संभाजी महाराज तुमच्या हाती लागले होते. कैदेत ठेवता आलं असतं. 11 मार्च 1689 ला हालहाल करून का मारलं?"

तो भाकरी मोडत राहिला. म्हणाला, "वाटलं, राजा मेला की राज्य संपेल."

"संपलं का?"

"रायगड घेतला. येसूबाई आणि शाहूला पकडून छावणीत ठेवलं. राजाराम जिंजीला निसटला. जिंजी घेतली तर तो परत विशाळगडावर. तो गेला तर ताराबाई उभी राहिली. मी किल्ला घ्यायचो, माझी पाठ वळली की मराठे परत घ्यायचे."

"आणि दिल्ली?"

"1681 ला दक्षिणेत आलो. परत दिल्ली दिसलीच नाही."

1707 ला अहमदनगरजवळ भिंगारला तो मेला, पुरला खुलदाबादला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं आयुष्य, त्यातली शेवटची पंचवीसच्या वर वर्षं छावणीत. शेवटच्या पत्रांत मुलांना लिहिलं त्याचा मथितार्थ एवढाच की एकटा आलो, एकटा चाललो, हाती पाप तेवढं राहिलं.

आता त्याचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या पोरांसाठी एक प्रश्न मी मुद्दाम विचारला. "विजापूरची आदिलशाही कुणी बुडवली?"

"मी. 1686 ला."

"गोवळकोंड्याची कुतुबशाही?"

"पुढच्या वर्षी. तीही मीच."

"दारा शुकोह?"

"भाऊ होता." यापुढे तो बोलला नाही. बाप शहाजहान आठ वर्षं आग्र्याला कैदेत होता, ते विचारायची वेळच आली नाही.

तेव्हा भावांनो, हा ज्यांना आपला वाटतो त्यांनी एवढी यादी वाचावी. त्याच्या तख्तापुढे दोन सल्तनतीही टिकल्या नाहीत आणि सख्खा भाऊही.

आणि आता दुसऱ्या बाजूच्या भावांनो. त्याचा हिशोब महाराष्ट्रानं त्याच्या हयातीतच चुकता केला. त्याला इथंच थकवलं, इथंच संपवलं. मग तीनशे वर्षांनी सात रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यानं किंवा शाळेतल्या पोरानं त्याच्या वतीनं उत्तर का द्यायचं? 2023 च्या जूनमध्ये कोल्हापूर स्टेटसवरून पेटलं. 2025 च्या मार्चमध्ये कबरीच्या वादावरून नागपुरात संचारबंदी लागली. बातमीच्या निमित्तानं पोलीस ठाण्याबाहेर बसलेल्या आया मी बघितल्यात. एकीचा पोरगा स्टेटसमुळे आत, दुसरीचा दगडामुळे. दोघींचा रोज बुडालेला. पुढं पोराला नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला लागतो, तेव्हा ज्यांच्या भाषणानं तो पेटला त्यातलं कुणी फोन उचलत नाही.

हे सगळं मी पाहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी एका वैरापायी पंचवीस वर्षं घराबाहेर राहिलो. मागं घर पोखरलं गेलं. तुमच्या घराकडं कोण बघतंय?"

मी पाणी वाढायला उठलो आणि तांब्या बघून थांबलो. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-चार दिवसांआड येतं, ते कधी येणार याचीही वाट बघावी लागते. उजनीही भीमेवरचंच आणि टाकळीहून येतं तेही भीमेचंच. ज्या नदीच्या पाण्यावर त्याची अख्खी छावणी चार वर्षं जगली, त्याच नदीचं पाणी आपल्या नळाला रोज येत नाही. यावर किती मोर्चे निघाले आणि औरंगजेबावर किती, तुम्हीच मोजा. मी दोन्हीकडच्या बातम्या करतो, मला कल्पना आहे.

चहाच्या टेबलावर इतकी नावं आली, पण एक गोष्ट घरी आल्यावर लक्षात आली. आम्ही सगळे सोलापूरचे आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांतलं एकही नाव कुणाच्या तोंडून आलं नाही. माझ्याही नाही. 1930 च्या मार्शल लॉनंतर या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात एकाच दिवशी फाशी दिलं. त्यातले कुर्बान हुसेन तर आमच्याच धंद्यातले, 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. त्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो आणि जेवायला बोलावतो कुणाला, तर औरंगजेबाला. माझी चूक मान्य.

पाहुणा उठला तेव्हा मी त्याला परत या म्हणालो नाही. पुढच्या वेळी त्या चौघांना बोलावणार आहे. एकाच पंगतीत बसवीन. त्यांनी शहराचं काय चाललंय विचारलं तर काय सांगायचं, ते तेवढं तुम्ही कमेंटमध्ये लिहा.

चला, पहाटेचे साडेतीन झाले. नळाला पाणी आलंय बहुतेक. मोटार लावतो.