फावल्या वेळातली पिशवी

मागच्या पावसाळ्यात एका देणगीदार संस्थेचे दोन प्रतिनिधी शांतीनगरच्या आमच्या केंद्रावर आले होते. बरोबर एक छापील पत्रक होतं. 'फावल्या वेळात सुती पिशव्या विणा, प्लास्टिक हटवा, स्वावलंबी व्हा.' क्रोशाच्या सुया, सूत आणि तीन महिने शिकवायला बाई, सगळं ते देणार होते. तयार झालेली बाजारहाटाची पिशवी साठ रुपये मजुरीने उचलणार होते. भिवंडीच का निवडली, असं मी विचारलं. त्यांचं उत्तर साधं होतं. इथे घरोघरी सूत आहे, बायका विणकर घराण्यातल्या आहेत, मग विणायला वेगळं काय शिकवायचं?

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यातल्या चुका मोजायला आम्हाला दोन महिने लागले, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली चूक सुताची. मागावरचं सूत कोनवर येतं ते बारीक, एकेरी. क्रोशासाठी त्याचे चार-सहा पदर एकत्र करून पीळ द्यावा लागतो, नाहीतर सुई दोऱ्यात शिरते आणि दोरा फाटतो. शिवाय इथल्या किती तरी मागांवर आता निव्वळ सूत नसतंच, पॉलिएस्टर असतं. म्हणजे सुताच्या गावात सूत बाहेरून विकत आणायचं.

दुसरी चूक भाषेतच आहे, आणि ती आपण सगळेच करतो. मराठीत मागावरचं कापडही 'विणायचं' आणि दोन सुयांवरचा स्वेटरही 'विणायचा'. क्रियापद एकच. पण मागावर विणणारा पुरुष भिवंडीत कारागीर म्हणवतो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, कानठळ्या बसवणारा खडखडाट, कापसाची धूळ. त्याची मजुरी कमी आहे, त्याला रजा नाही, त्याचं नाव बऱ्याच वेळा कुठल्या मस्टरवरही नसतं. हे सगळं खरं. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर इथले माग आणखी वाढले ते याच स्वस्त मजुरीवर. पण निदान त्याचे मीटर मोजले जातात. मीटरला अमुक पैसे, हे त्याला आणि मालकाला दोघांनाही माहीत असतं आणि त्यावर भांडता येतं. बाई विणते तेव्हा मात्र तो छंद असतो. तिचा वेळ मोजायचं कुणाच्या मनातच येत नाही, कारण तो 'फावला' असतो.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना 'उत्पन्नवाढीचे कार्यक्रम' या विषयाचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. पापड, मेणबत्त्या, शिवण, भरतकाम. कच्च्या मालाचा खर्च, विक्री, नफा असे रकाने भरायचो आम्ही. बाईच्या तासांचा रकाना त्यात होता की नव्हता, हे मला आज आठवतसुद्धा नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही वस्त्यांमधून तसली पत्रकं वाटली आहेत, तेव्हा त्या दोन पाहुण्यांना हसण्याचा मला काही अधिकार नाही.

तर आम्ही नाही म्हटलं नाही. आधी करून बघू म्हटलं. शांतीनगर आणि पद्मानगर मिळून अकराजणी तयार झाल्या. काही उत्तर प्रदेशातून आलेल्या अन्सारी कुटुंबांतल्या, काही तेलुगू पद्मशाली घरांतल्या. अट एकच होती: पिशवी हातात घेतली की वेळ लिहायची आणि खाली ठेवली की पुन्हा लिहायची. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या मुलींनी वहीत टिपून ठेवलं.

वह्या परत आल्या तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे हात बसल्यावरही साध्या जाळीच्या पिशवीला नऊ तासांच्या आसपास लागत होते. साठ रुपयांना नऊ तास, म्हणजे तासाला सात रुपयेही नाहीत. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. त्या हिशेबाने एका पिशवीची नुसती मजुरीच साडेतीनशे रुपये होते. तीनबत्तीच्या बाजारात कांदे-बटाटे भरायला साडेतीनशेची पिशवी कोण घेणार? मी तरी घेणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. ते नऊ तास सलग कुणाच्याच वहीत नव्हते. दुपारी पाऊण तास, रात्री जेवणं उरकल्यावर वीस मिनिटं, पहाटे पाण्याला नंबर लावून उभं असताना दहा मिनिटं. एकीने तर ताप आलेल्या पोराला मांडीवर घेऊन विणलं होतं आणि तेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. हा त्यांचा फावला वेळ. त्याच दिवसांत त्यांतल्या सहाजणी साड्यांना खडे-टिकल्या लावायचं नाहीतर कापडाचे धागे कापायचं काम घरी आणत होत्या. वेळ रिकामा नव्हताच. आधीच्या एका मजुरीतून तो कापून घेतला होता.

'बाजी, ये काम नहीं है, ये तो नींद का टाइम है,' असं वही परत देताना एकजण म्हणाली. बाकीच्या हसल्या, पण कुणी खोडून काढलं नाही.

या पिशवीच्या प्रश्नाला मागचा इतिहास आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर गटारं तुंबवणाऱ्या प्लास्टिक पिशव्यांवर सगळ्यांची नजर गेली. २००६ मध्ये राज्यात अविघटनशील कचऱ्याचा कायदा झाला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाले. पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तेव्हाही मोठ्या उत्साहाने सांगितलं गेलं की पर्याय तयार आहे, बचत गटांच्या महिला कापडी पिशव्या शिवतील. म्हणजे दंड दुकानदाराला आणि उपाय बाईच्या गळ्यात. पुढे बाजार भरला तो दिसायला कापडासारख्या, पण खऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या, न विणलेल्या पिशव्यांनी. यंत्रातून त्या धडाधड पडतात. त्यांच्यापुढे हाताने शिवलेली पिशवी टिकायची कशी, याचं उत्तर कुठल्याच पत्रकात नव्हतं. हातगाडीवर पातळ प्लास्टिक आजही मिळतं. आणि स्कूटरवरून भाजी न्यायला आलेले गृहस्थ 'पिशवी आणली नाही, बायकोने दिलीच नाही' असं अजूनही बिनदिक्कत सांगतात. पिशवी विणायची तिने, धुवायची तिने आणि आठवणीने नवऱ्याच्या हातात द्यायचीही तिनेच!

आपल्या आया काय वापरत होत्या ते आठवा. जुन्या लुगड्याची नाहीतर पॅन्टच्या कापडाची शिवलेली थैली दाराच्या खिळ्याला असायची. नंतर वायरच्या पिशव्यांची लाट आली. दुपारी ओट्यावर बसून बायका रंगीत प्लास्टिकच्या वायरीच्या पिशव्या विणायच्या, शेजारणीला गाठ शिकवायच्या. त्या वर्षानुवर्षं टिकल्या. माझ्या आजीची वायरची पिशवी अजून घरात आहे, तळ तेवढा दोनदा बदलला. ते काम स्वतःसाठी होतं, फार तर नात्यातल्या लग्नात द्यायला. कुणी त्याला रोजगार म्हटलं नव्हतं, म्हणून त्यात फसवणूकही नव्हती.

पर्यावरणाच्या अंगानेही नवी सुती पिशवी म्हणजे आपोआप पुण्य, असं नाही. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, फवारणी लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या हिशेबाप्रमाणे, तापमानवाढीपुरतं बघितलं तर एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा बाजार धरला तर अडीच वर्षं. हे अशक्य नाही, आपल्या घरात थैल्या त्याहून जास्त टिकतात. पण कपाटात अशा आठ-दहा पिशव्या भेट म्हणून साठल्या तर तो कापूस फुकट गेला. जुन्या साडीची किंवा उरलेल्या तुकड्यांची पिशवी शिवली तर हा प्रश्नच येत नाही, तो कापूस आधीच पिकलेला आहे. आणि भिवंडीत नसेल सूत घरोघरी, पण कोऱ्या कापडाचे तुकडे भरपूर आहेत.

म्हणून आमच्या गटाचं मत असं बनलं की विणू नका, शिवा. पण शिवण्याच्याही दराचं काय? आमच्यातल्या तिघी एका ठेकेदारासाठी मांजरपाटाच्या पिशव्या शिवतात. डझनाला अठरा रुपये. दोरा त्यांचा, मशीन त्यांचं, विजेचं बिलही त्यांचंच. एका पिशवीला दहा मिनिटं धरली तर तासाला नऊ रुपये. म्हणजे क्रोशापेक्षा दोन रुपये जास्त! दुसऱ्या दिवशी ठेकेदार 'शिवण वाकडी आहे' म्हणून चार पिशव्या परत करतो, त्यांचे पैसे जातात. कागदावर काहीच नाही.

घरबसल्या काम करणाऱ्या बाईला कामगार मानावं, ही मागणी नवी नाही. अहमदाबादला 'सेवा' १९७२ पासून ती लढवते आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहआधारित कामाचा १७७ क्रमांकाचा करार केला, त्यात बाकीच्या कामगारांबरोबर समान वागणुकीचं तत्त्व आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. नगावर काम असलं तरी किमान वेतन ठरवता येतं, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच होतं. मग पिशवीचा दर ठरवायला अडचण कसली? एक बाई बसवा, घड्याळ लावा आणि तासाला किती पिशव्या नीट होतात ते बघा. रोजगार हमीवर खड्ड्यांची मापं घेताच ना?

इथे गटात मतभेद झाला, तोही सांगते. पद्मानगरच्या एका ताईंना हा सगळा हिशेब पटला नाही. त्या म्हणाल्या, 'तुम्ही पैशांचंच बोलता. मला त्या सुईने बरं वाटायचं. रविवारी दोन तास इथे येऊन बसायचे, घरी कुणी हाक मारायचं नाही. विणायला जाते म्हटलं तर सासूबाई सोडायच्या. नुसतं बसायला जाते म्हटलं तर सोडतील?' मला पटकन उत्तर सुचलं नाही. काम म्हटल्याशिवाय बाईला घराबाहेर दोन तास मिळत नाहीत आणि काम म्हटलं की त्याचे पैसे कुणी देत नाही. या कोंडीवर माझ्याकडे तोडगा नाही. मात्र तिच्या त्या दोन तासांच्या बदल्यात साठ रुपयांची पिशवी कुणी उचलून न्यावी, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

शेवटी आम्ही संस्थेला पत्र लिहिलं. प्रशिक्षण नको. त्याच पैशांतून चार शिलाई मशीन केंद्रावर द्या. पिशव्या तुकड्यांच्या शिवू, दर तासाला ३९ रुपयांच्या खाली येणार नाही असा लेखी धरा आणि परत केलेल्या नगांचं कारणही लेखी द्या. सोबत अकरा वह्यांची झेरॉक्स जोडली, पोराला मांडीवर घेऊन विणल्याच्या नोंदीसकट. संस्थेकडून फोन आला. 'महिला सक्षमीकरणाच्या प्रकल्पात मजुरीचा दर हा मुद्दा बसत नाही,' असं सांगितलं गेलं. लेखी उत्तर अजून यायचं आहे.

उरलेलं सूत त्यांनी परत मागितलं नाही. रविवारचे ते दोन तास आम्ही चालू ठेवले आहेत. ज्यांना विणायचं त्या विणतात आणि पिशवी आपल्याच घरी नेतात. त्या ताई सध्या सासूबाईंसाठी एक करत आहेत.