कौशल्याच्या नावाखाली

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर जिचे नाव झळकत होते, त्या ड्रीम इलेव्हनला आपल्या पैशाच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या. बंदी योग्यच आहे. पण तिचे श्रेय घेणाऱ्या शासनाला काही विचारणे प्राप्त आहे.

मटक्याचा आकडा लावणारा गिरणी कामगार आपण जुगार खेळतो हे निदान जाणत होता. इथे अकरा खेळाडूंचा काल्पनिक संघ रचणे हे कौशल्य ठरले. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तसाच निर्वाळा दिला. कौशल्य असेलही! परंतु जमलेल्या प्रवेशशुल्कातून कंपनी आपला वाटा आधीच काढून घेत असे; सामना कोणीही जिंको, तिला हार ठाऊक नव्हती. उरलेल्या रकमेसाठी एकाच वेळी अनेक संघ उतरवणारा पैसेवाला आणि पन्नास रुपये लावणारा बेकार तरुण यांची गाठ घातली जात असे, आणि याला म्हणायचे स्पर्धा!

शासनाला हे ठाऊक नव्हते काय? ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांसाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर तेच वसूल करीत होते. पैशाच्या ऑनलाइन खेळांत सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावत होते, हा अंदाजही सरकारचाच. खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा नाही, हे न्याय्य झाले. मात्र बुडालेल्याच्या डोक्यावरील कर्जाविषयी त्यात चकार शब्द नाही.