आधारवर्षाचे राजकारण : पोलंडने ‘नाही’ का म्हटले?

१/ २१ जून २०११, लक्झेंबर्ग. युरोपीय संघाच्या पर्यावरणमंत्र्यांपुढे एक मसुदा होता. २०२० पर्यंत हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात २० टक्के कपात करण्याचे आधीच ठरले होते; ती २५ टक्क्यांपर्यंत न्यावी, असा त्याचा रोख होता. २७ पैकी २६ देश राजी झाले, एकट्या पोलंडने नकार दिला. असे ठराव एकमतानेच संमत होत असल्याने मसुदा बारगळला. मार्च २०१२ मध्ये ब्रसेल्स येथे पुढील दशकांच्या उद्दिष्टांबाबतही तेच घडले.

२/ कोळशाला चिकटून बसलेला हट्टी देश, अशी पोलंडची प्रतिमा त्यानंतर रूढ झाली. ती खोटी नाही, अपुरी आहे. वॉर्साच्या आक्षेपाच्या मुळाशी इतिहासाचाच एक प्रश्न होता : मोजणी कोणत्या वर्षापासून करायची?

३/ क्योटो करारात बहुतेक देशांचे आधारवर्ष १९९० होते. पोलंडला १९८८ घेण्याची मुभा मिळाली, कारण १९९० उजाडेपर्यंत तेथील समाजवादी अर्थव्यवस्था ढासळू लागली होती. पोलंडने कबूल केलेली कपात ६ टक्के होती. २००५ पर्यंत प्रत्यक्षात झालेली घट सुमारे ३० टक्के.

४/ ही घट पवनचक्क्यांनी घडवली नव्हती. ती बंद पडलेल्या कारखान्यांची आणि खाणींची होती. १९८० च्या दशकाअखेर कोळसा खाणींत सुमारे चार लाख कामगार होते. २०१० पर्यंत ते सव्वा लाखाच्याही खाली आले. लोअर सायलेशियातील वाउबझिख शहराच्या सर्व खाणी १९९० च्या दशकात बंद झाल्या. बेकार झालेले खाणकामगार मग शहराबाहेरच्या रानात हातांनी उथळ विवरे खणून, जिवावर उदार होऊन, पोत्यांनी कोळसा विकू लागले. आकडेवारीत मात्र हे सारे ‘उत्सर्जनातील घट’ या एकाच रकान्यात सामावले.

५/ २००८ मध्ये कपातीचा भार देशादेशांत वाटण्याची वेळ आली, तेव्हा वाटणीसाठी आधारवर्ष ठरले २००५. म्हणजे पूर्व युरोपने आधी सोसलेले हिशेबातून जवळजवळ वगळले गेले. पोलंड, हंगेरी आदी देशांनी हरकत घेतली, ती रास्तच होती.

६/ पण पोलंड रिकाम्या हाताने परतला, असे मात्र नाही. वाहने, घरे, शेती आदी क्षेत्रांत डेन्मार्क आणि आयर्लंडला २० टक्के कपात बंधनकारक झाली. पोलंडला उलट १४ टक्के वाढीची सवलत मिळाली. वीजकेंद्रांना काही वर्षे विनामूल्य उत्सर्जन परवाने देण्याची मुभा मिळाली. लिलावातील २ टक्के परवाने तर आधीच मोठी घट झालेल्या नऊ देशांसाठी राखून ठेवले गेले. यापुढे उद्दिष्ट वाढवले तर ही सारी तडजोड पुन्हा उघडी पडेल, ही २०११ ची खरी धास्ती.

७/ दुसरी धास्ती रशियाची. सुमारे ९० टक्के वीज कोळशावर. तो सोडायचा तर जवळचा पर्याय वायू, आणि वायूची नळी मॉस्कोच्या हाती. जानेवारी २००९ मध्ये युक्रेनमार्गे येणारा रशियन वायू थांबला आणि ऐन हिवाळ्यात युरोपचे अनेक देश गारठले. ही भीती काल्पनिक नव्हती.

८/ मग चूक कुठे झाली? मिळवलेल्या वेळेच्या वापरात. ज्या वर्षी लक्झेंबर्गमध्ये नकार दिला, त्याच वर्षी बेउखातूफ येथे लिग्नाइटवर चालणारा ८५८ मेगावॉटचा नवा संच सुरू झाला. आणखी एक विसंगती : रशियन वायूच्या भीतीने कोळसा राखणाऱ्या या देशात पुढे आयात कोळशाचा मोठा हिस्सा रशियातूनच येऊ लागला. न्याय्य तक्रार हाती असणे आणि तिच्या आडोशाने निवांत बसणे, यांत फरक आहे. वॉर्साच्या एकामागून एक आलेल्या सरकारांनी तो पुसून टाकला.

९/ नकाराधिकाराचे बळही ओसरत गेले. ठरावांना एकमत लागते, कायद्यांना बहुधा विशेष बहुमत पुरते. २०२३ च्या सुधारित भारवाटपात पोलंडची २०३० साठीची कपात ७ वरून १७.७ टक्क्यांवर गेली, आणि सरकारने युरोपीय न्यायालयात दाद मागितली. न्यायालयही लक्झेंबर्गमध्येच.

१०/ दरम्यान मे २०२१ मध्ये सरकार आणि खाणकामगार संघटना यांच्यात करार झाला : दगडी कोळशाची शेवटची खाण २०४९ मध्ये बंद होईल, तोवर कामगारांना रोजगाराची हमी किंवा मोबदला. वाउबझिखच्या कामगारांना अशी तारीख कोणी विचारली नव्हती.