अडलेला बोल्ट

मोटारीच्या सायलेन्सरचा बोल्ट अडला की प्रथम हात जातो तो लांब पान्याकडे. आणि तेथेच बोल्टचे डोके तुटते. मग आत राहिलेला तुकडा काढण्याची मजुरी बोल्टच्या किमतीच्या कितीतरी पट! गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून आटे एकमेकांत घट्ट रुततात. जाणता मिस्त्री तारेच्या ब्रशने गंज झाडतो, आत झिरपणारे तेल सोडतो, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके देतो आणि रात्रभर थांबतो. सकाळी सहा कोनांचा सॉकेट बसवून बोल्ट आधी किंचित आवळतो, मग सैल करतो. पुन्हा आवळतो, पुन्हा सैल. घाईच्या गिऱ्हाइकाला हे रुचत नाही. ब्रेकपाशी मात्र तेलाचा थेंबही डिस्कवर पडता कामा नये. आणि पेट्रोलच्या नळीशेजारी ज्योत तर नकोच.