पलेडियन : विशेषनामाचे विशेषण होते तेव्हा

माणसाच्या नावापासून इंग्रजीत विशेषण कसं तयार होतं, हे आपण वर्गात दोन ओळींत उरकतो. शेक्सपिअरचं शेक्सपिरिअन, व्हिक्टोरियाचं व्हिक्टोरिअन. नावाला प्रत्यय लावा, पहिलं अक्षर कॅपिटल ठेवा, झालं! व्याकरण म्हणून यात काही चूक नाही. पण अशा शब्दासमोर '...च्या शैलीचे' एवढाच अर्थ लिहून देणं मला पटत नाही. तेवढ्यावर मुलांना शब्द समजल्यासारखा वाटतो, पण समजलेला नसतो. 'पलेडियन' हाच शब्द घेऊन बघू. (उच्चारात जोर 'ले'वर द्यायचा.)

शब्दामागचा माणूस म्हणजे इटलीतला वास्तुविशारद आंद्रेआ पाल्लादिओ. जन्म 1508, पादुआचा. वडिलांचं नाव पिएत्रो, म्हणून हा आंद्रेआ दि पिएत्रो. पोरवयातच पाथरवटाच्या हाताखाली कामाला लागला. पुढे विचेन्झा शहरात काम करत असताना जानजोर्जो त्रिस्सिनो या विद्वान उमरावाने त्याचा हात ओळखला, त्याला जुन्या रोमन वास्तुविद्येची गोडी लावली, रोमला नेलं आणि 'पाल्लादिओ' हे नाव दिलं. नावात पॅलस अथीना या ग्रीक देवीची आठवण आहे. म्हणजे गंमत बघा, इंग्रजीने जे नाव उचललं ते त्याचं जन्मनाव नव्हतंच. शिवाय त्या देवीवरूनही इंग्रजीत 'पलेडियन' असं विशेषण आहे, विद्येशी संबंधित अशा अर्थाचं. स्पेलिंग तेच, शब्द मात्र वेगळा. संदर्भ न बघता अर्थ सांगणारा इथे हमखास फसतो.

1570 मध्ये व्हेनिसला पाल्लादिओचे वास्तुकलेवरचे चार ग्रंथ छापले गेले आणि 1580 मध्ये तो वारला. इंग्रज वास्तुविशारद इनिगो जोन्स 1613-14 मध्ये इटलीत फिरला तो या ग्रंथाची प्रत जवळ बाळगून, तिच्या समासात टिपणं करत. ग्रीनिचचं क्वीन्स हाऊस त्याच अभ्यासातून आलं. पण इंग्लंडात या शैलीची खरी लाट आली ती अठराव्या शतकात. लॉर्ड बर्लिंग्टनने लंडनजवळ चिझिक हाऊस बांधलं, तेव्हा पाल्लादिओला जाऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती. अमेरिकेत थॉमस जेफरसनने मॉन्टिचेलो हे आपलं घर याच वळणावर उभारलं, आणि तेही विचेन्झात पाऊल न टाकता, पुस्तकांतून शिकून.

आता मुलांच्या पुस्तकात 'पलेडियन मॅन्शन' असं आलं तर अर्थ काय सांगायचा? 'पाल्लादिओने बांधलेला वाडा' हे साफ चूक. 'पाल्लादिओच्या शैलीचा वाडा' हे अर्धं बरोबर. कारण व्हेनिसच्या आसपासच्या मुलखात पाल्लादिओने बांधलेले बरेचसे वाडे म्हणजे शेतीची ठाणी होती. व्हिला एमोच बघा. मधे मालकाचं घर आणि दोन्ही बाजूंना लांबलचक कमानदार पडव्या, धान्य आणि शेतीची अवजारं ठेवायला. इंग्रज उमरावांना भावली ती समोरची बाजू, म्हणजे खांबांची ओळ, वर त्रिकोणी माथा, डावं-उजवं अगदी सारखं. चिझिकसाठी त्यांनी नमुना घेतला तो व्हिला रोतोंदाचा, आणि ती वास्तू मुळातच शेतीसाठी नव्हती. थोडक्यात, इंग्रजीतल्या 'पलेडियन'मधून धान्याचं कोठार गळून पडलं. शब्द पाल्लादिओच्या नावाचा, अर्थ इंग्रजांच्या आवडीचा!

'पलेडियन विंडो'ची कथा तर याहून अन्यायाची. मधे उंच कमानीचं तावदान आणि दोन्ही बाजूंना सरळ माथ्याची अरुंद तावदानं, अशी ही खिडकी. पाल्लादिओने ही रचना विचेन्झाच्या बसिलिकावर ओळीने वापरली हे खरं. पण सेबास्तियानो सेर्लिओने ती त्याच्या आधी, 1537 मध्येच, पुस्तकात छापली होती. म्हणून तिला 'सेर्लियाना' असंही म्हणतात. पण हे नाव जाणकारांच्या लेखनात राहिलं आणि बोलण्यात पाल्लादिओ टिकला.

आपल्याला यात नवल वाटायला नको. 'हेमाडपंती' शब्दाचं आपण हेच केलंय. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 चं, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधीचं, तरी त्यालाही आपण बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतो. 'पलेडियन' शिकवताना हा दाखला द्यायला काय हरकत आहे? मुलांना शब्द लगेच आपलासा वाटेल.

कॅपिटल अक्षराचीही एक बारीक गोष्ट आहे. 'पलेडियन'चा 'पी' कॅपिटल, पण 'मॅन्सर्ड' छपराचा 'एम' लहान. तेही नाव एका वास्तुविशारदाचंच, सतराव्या शतकातल्या फ्रेंच फ्रांस्वा मांसारचं. त्याच्या आडनावाच्या शेवटी 'टी' होता, इंग्रजी शब्दात 'डी' आहे. तिथे माणूस पुरता विसरला गेला आणि छप्पर तेवढं उरलं.

तेव्हा शब्दार्थांच्या वहीत '...च्या शैलीचे' लिहायला लावण्याआधी मुलांना एवढं विचारून बघा : हे नाव कुणी दिलं, कधी दिलं आणि नेमकं कशाला दिलं?